न आलेल्या प्रकाशाचा निकाल

चंद्राच्या पाठीकडच्या दुर्बिणीनं टिपलेलं चित्र रोज दुपारी अंबाजोगाईच्या दूरप्रकाश केंद्रात येई. बारा वाजले की चित्रकक्षाचे पडदे ओढले जात, दिवे मंद होत आणि समोरच्या भिंतीवर आकाशाचा एक तुकडा उमटे. तुकडा तरी किती? हात लांब करून करंगळी आकाशाकडे धरली, तर तिच्या नखाआड असे शेकडो तुकडे दडले असते. पण तेवढ्याशा जागेत हजारभर दीर्घिका होत्या, आणि प्रणोती बिडकरला त्या आता आपल्या गल्लीतल्या घरांइतक्या ओळखीच्या झाल्या होत्या.

चित्राच्या मधोमध दीर्घिकांचा दाट पुंजका होता. त्याच्या डावीकडे दोन निळी वर्तुळं, उजवीकडे एक लाल. निळ्या वर्तुळांत तारा याआधी एकेकदा दिसून गेला होता. लाल वर्तुळात तो दिसायचा होता.

वीस मेच्या दुपारीही तो दिसला नाही. कक्षात हळहळीचा आवाज उठला. मग सगळ्यांच्या माना बाजूच्या फलकाकडे वळल्या. ‘तारीख अजून यायची आहे अशी उत्तरं’ या ओळीपुढे सकाळी आठशेच्या वर आकडा होता. तो क्षणभर थरथरला आणि तिथं नुसता ‘एक’ उरला.

“हा एक कोण शहाणा?” मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, आणि पोरं हसली. त्यांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. तारा लवकर आला तर जवळच्या उत्तराला अजून आशा होती, पण रोज इथं येऊन बसण्यात आता राम नव्हता. क्लासची बस बाहेर उभी होती. पोरं उठली, डबे-बाटल्या गोळा झाल्या आणि दहा मिनिटांत कक्ष रिकामा झाला.

प्रणोती जागची हलली नाही. तो एक शहाणा तीच होती.

या सगळ्याचं मूळ पेपरफुटीत होतं. पेपर फुटला नाही तर बातमी व्हावी, अशी वेळ आली होती. चौकशा झाल्या, कुलपं बदलली, कुलपांवर पहारे बसले आणि पहारेकरीच फुटले. तेव्हा दूरप्रकाश केंद्राच्या प्रमुख डॉ. नलिनी डोईफोडे यांनी एक साधी गोष्ट सुचवली. उत्तर कुणाला तरी ठाऊक असतं म्हणून ते फुटतं. मग परीक्षकालाही ज्याचं उत्तर ठाऊक नाही, असाच प्रश्न विचारला तर? लोक आधी हसले, नंतर विचारात पडले, आणि नभोविद्यापीठाची एकुलती एक शिष्यवृत्ती त्या वर्षीपासून या परीक्षेवर द्यायचं ठरलं.

प्रश्न वर्तमानपत्रात सरळ छापून आला. फार लांबच्या एका दीर्घिकेत एक तारा फुटला. त्या अतिनवताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत दीर्घिकांचा एक पुंजका आडवा येतो. पुंजक्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी इकडे पोचतो. एकच स्फोट, पण दिसणार तीनदा. पहिल्या वाटेचा प्रकाश पाच वर्षांपूर्वी आला, दुसऱ्या वाटेचा दोन वर्षांपूर्वी. तिसऱ्या वाटेचा कधी येईल? गणित मांडा, तारीख लिहा. ज्याची तारीख खऱ्या तारखेच्या सर्वांत जवळ, त्याला शिष्यवृत्ती.

गणित यंत्रानं तपासून झालं की ते तारखेसकट उत्तरकोशात बंद होई. ताऱ्याचा प्रकाश आल्याखेरीज तो कोश परीक्षा मंडळालाही उघडता येत नसे. उमेदवाराला मात्र स्वतःच्या अंगठ्यानं स्वतःचं उत्तर उघडायची मुभा होती.

क्लासवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सहा महिन्यांत त्यांनी या प्रश्नाचीही रीत बसवली. मोजमापांच्या तक्त्यात शेवटचा एक रकाना होता. दुसऱ्या वर्तुळातली प्रतिमा जिथं असायला हवी तिथून ती केसभर सरकलेली होती, त्याची ती नोंद. ‘हा रकाना सोडून द्या,’ असं सगळ्या क्लासांत सांगितलं गेलं. ‘त्यात वेळ फार जातो आणि उत्तरात फरक पडत नाही.’ अडतीस हजार पोरांनी तो रकाना सोडून दिला, आणि त्यांची उत्तरं सहा ते वीस मेच्या दरम्यान पडली.

प्रणोतीला तो रकाना सोडवेना. तिनं गणित नाना तऱ्हांनी मांडून पाहिलं. पुंजक्याच्या उजव्या अंगाला, जिथं चित्रात काळोखाशिवाय काहीच नव्हतं, तिथं न दिसणाऱ्या वस्तुमानाचा एक गोळा आहे असं धरलं, की ती केसभर चूक बरोबर जुळत होती. पण तिसरी वाट त्या गोळ्याजवळून जात होती. गोळा प्रकाशाला अडकवून ठेवणार होता. नवी तारीख निघाली नऊ ऑगस्ट.

तिनं प्रवेशाचं पत्रक काढून पाहिलं. नभोविद्यापीठाचे अर्ज तीस जूनला संध्याकाळी पाच वाजता बंद होत, आणि शिष्यवृत्तीच्या जागेचा अर्ज शिष्यवृत्तीचा क्रमांक टाकल्याशिवाय पुढं सरकतच नसे. तोवर तारा आला नाही तर परीक्षा रद्द, असंच सगळे धरून चालले होते. म्हणजे ती बरोबर असली, तर तिच्या बरोबर असण्याचा तिला उपयोग नव्हता. तिनं दोन दिवस मेचं आणि ऑगस्टचं अशी दोन्ही उत्तरं समोर ठेवली. मग नऊ ऑगस्ट लिहिलं, कारण दुसरं लिहायला हात उचलला नाही.

आपली तारीख अजून यायची आहे, एवढं तिनं फक्त वडिलांना सांगितलं होतं. अप्पांची मंडी बाजारात पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणी बंद करून ते तिला न्यायला येत, भुवयांवर पीठ तसंच असे.

“आज बी नाही आला का?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“नाही.”

“सकाळी देवीला सांगून आलोय मी. लवकर धाड म्हणलं पोरीचा तारा.”

“अप्पा, ते मागू नका,” प्रणोती म्हणाली. “लवकर आला तर माझं उत्तर चुकलं.”

“आणि उशिरा आला तर?”

“तर परीक्षा रद्द.”

अप्पा तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी त्या काळ्या तुकड्याकडे पाहिलं. “मग मी देवीला मागू तरी काय?” ते म्हणाले.

मंडी बाजारातल्या कॉलेजचा वाणिज्य शाखेचा अर्ज भरून ठेवलेला होता. कॉलेज वाईट नव्हतं. पण तिथं आकाश नव्हतं, आणि या दोन वर्षांत प्रणोतीला आकाशाखेरीज काही सुचेनासं झालं होतं.

जून उजाडला तशी चित्रकक्षात तिघंच उरली. प्रणोती, डॉ. डोईफोडे आणि वस्तुमानाचे नकाशे तयार करणारे डॉ. फिरोज तांबोळी. परीक्षा मंडळाचा अंदाजही मेचाच होता, त्यामुळे दोघांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मुलगी रोज येते, बसते, जाते, एवढंच ते बघत. तिचं उत्तर काय, हे विचारणं परीक्षकांना शोभलं नसतं.

एका दुपारी तांबोळी भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, आपलं चुकलं कुठं? दिसणाऱ्या सगळ्या दीर्घिकांचं वस्तुमान धरलंय. न दिसणारंही त्यांच्याभोवती पसरून धरलंय.”

“त्यांच्याभोवतीच का?” डोईफोडे म्हणाल्या.

“कारण ते नेहमी तिथंच सापडतं. दीर्घिका आहे तिथं ते असतं.”

“आणि जिथं दीर्घिका नाही, तिथं नुसतं तेच असेल तर? एकही तारा न पेटलेला, नुसता काळोखाचा गोळा.”

“तसा कुणी पाहिलेला नाही.”

“पाहणार कसा, फिरोज? तो फक्त वाटेतल्या प्रकाशाला उशीर करतो. त्याची ओळख पटायची, तर कुणीतरी उशिरा यायला हवं.” बोलता बोलता त्या थांबल्या. “एक उत्तर अजून शिल्लक आहे. कुणीतरी काहीतरी धरलंय तिथं.”

मागं बसलेल्या प्रणोतीचे कान गरम झाले. त्या दुपारी तिला पहिल्यांदाच नीट कळलं की ती कशाची वाट पाहते आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यही नव्हता. तेव्हापासून तो येतोच आहे, आणि आताही, ती बाकावर बसून घाम पुसत असताना, तिच्या अंगणापासून काही आठवड्यांच्या अंतरावर कुठंतरी आहे. तिच्या शिष्यवृत्तीचा निकाल समुद्रात पहिला जीव हलायच्या आधीच रवाना झाला होता. तिला एकदम फार लहान वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यात वाईट काहीच वाटलं नाही.

सत्तावीस जूनला चित्र उमटलं आणि तांबोळी खुर्चीतून उठलेच. लाल वर्तुळात एक पांढरा ठिपका होता.

“आला,” ते म्हणाले.

अप्पा त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी हात जोडले. तीन दिवस हातात होते, परीक्षा रद्द होणार नव्हती, निकाल लागणार होता. निकाल कुणाचा, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि जोडलेले हात हळूच खाली घेतले.

प्रणोतीचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं होतं, शिष्यवृत्ती गेली तर रडू येईल. पण ती रडत होती त्या गोळ्यासाठी. उजव्या अंगाचा तो काळोख रिकामाच होता, तिथं काही नव्हतं, तिनं ते नुसतं कागदावर रचलेलं होतं. दोन वर्षं तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नसलेली एक प्रचंड गोष्ट एका ठिपक्यानं पुसून टाकली होती.

डोईफोडे मात्र ठिपक्याच्या जवळ जाऊन उभ्या होत्या. “फार टोकदार आहे,” त्या म्हणाल्या. “ताऱ्याचा ठिपका दुर्बिणीतून येताना थोडा पसरतो. हा पसरलेला नाही. फिरोज, याच्या आधीची आणि नंतरची कच्ची चित्रं काढा.”

तांबोळींनी ती काढली. आधीच्या चित्रात ठिपका नव्हता. नंतरच्याही नव्हता. अवकाशातून भरकटत आलेला एक कण दुर्बिणीच्या पडद्यावर आपटला होता, इतकंच.

“म्हणजे नाही आला,” अप्पा म्हणाले.

“नाही आला,” डोईफोडे म्हणाल्या, आणि त्यांनी पाहिलं की मागच्या बाकावरची मुलगी डोळे पुसत हसते आहे.

तीस जूनची दुपार झाली. चित्र उमटलं. लाल वर्तुळ रिकामंच होतं. तांबोळींनी कच्ची चित्रंही तपासली आणि मान हलवली.

“मग झालं तर,” डोईफोडे म्हणाल्या. “तारा नाही म्हणजे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे निकाल नाही. पाच वाजायच्या आत परीक्षा रद्द झाल्याचं कळवावं लागेल.” त्या प्रणोतीजवळ आल्या. “तू रोज आलीस. तुला काय सांगू? मी अशी परीक्षा काढली जी फुटणार नाही. पण जिला फोडता येत नाही, तिला घाईही करता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी आहे.”

प्रणोतीचं त्यांच्या बोलण्याकडं अर्धंच लक्ष होतं. ती फलकावरच्या त्या एकाकडं पाहत होती. महिनाभर तिनं एकच हिशेब केला होता, ताऱ्याला यायला किती दिवस राहिले याचा. आज पहिल्यांदा तिनं उलटं मोजलं, बाकीच्यांना मागं टाकून किती दिवस झाले. आणि ती बाकावरून उठली.

“मॅडम,” ती म्हणाली, “नियम काय आहे? बरोबर उत्तराला शिष्यवृत्ती, की सर्वांत जवळच्या उत्तराला?”

“सर्वांत जवळच्या. बरोबर तर कुणीच नसतं.”

“बाकी सगळ्यांच्या तारखा वीस मेला संपल्या. फलकावर मी पाहिलंय.”

“हो. एक सोडून.”

“ती एक माझी आहे. नऊ ऑगस्ट.” तिनं बाकावरच्या पट्टीवर अंगठा टेकवला आणि तिचं उत्तर भिंतीवर उघडलं. गणिताच्या ओळी, उजव्या अंगाचा गोळा, खाली तारीख.

तांबोळी पुढं झाले आणि त्या गोळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. डोईफोडे मात्र तारखेकडंच पाहत होत्या. मग त्यांनी खडू उचलला. भिंतभर पडद्यांच्या त्या जमान्यातही त्या विचार करायला एक काळा फळा ठेवून होत्या. त्यांनी एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला वीस मे लिहिलं, दुसऱ्या टोकाला नऊ ऑगस्ट. बरोबर मध्ये एक उभी खूण केली.

“काल मध्यरात्री,” त्या पुटपुटल्या. “मध्य काल मध्यरात्री उलटून गेला.”

“म्हंजे काय?” अप्पांनी विचारलं.

उत्तर तांबोळींनी दिलं, पण ते स्वतःशीच बोलत असावेत तसे. “तारा कालपर्यंत आला असता, तर वीस मेवाला जवळ ठरला असता. आता तो उद्या आला तरी ही जवळ. ऑगस्टमध्ये आला तरी ही जवळ. शंभर वर्षांनी आला तरी हीच जवळ. उत्तर आपल्याला ठाऊक नाही. निकाल मात्र ठाऊक आहे.”

“आणि तो कधी आलाच नाही तर?” हा प्रश्न अप्पांचा होता.

“तो निघालेला आहे,” डोईफोडे म्हणाल्या. “याच्या दोन भावंडांना आपण येताना पाहिलंय. वाट लांब असेल, पण त्याला दुसरीकडं जायला जागा नाही.” मग त्या प्रणोतीकडं वळल्या. “सत्तावीस तारखेचा तो ठिपका खरा असता तर?”

“तर मी पाच दिवसांनी हरले असते,” प्रणोती म्हणाली. जे घडलं नाही त्यानं तिला निवडलं होतं. चाळीस दिवस रोज दुपारी तो काळा तुकडा रिकामा राहिला होता, आणि प्रत्येक रिकाम्या चित्रागणिक अडतीस हजारांतून ती पुढं सरकत होती. तिला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

मंडळाची तातडीची बैठक झाली. दोन सभासदांनी नाकं मुरडली, एकानं नियम पुन्हा वाचून पाहिला. नियमात तारा दिसलाच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं, कारण तसं लिहावं लागेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. साडेचारला शिष्यवृत्तीचा क्रमांक आला. प्रणोतीनं अर्ज पाठवला तेव्हा पाचाला थोडीच मिनिटं कमी होती. अप्पांनी केंद्रातल्या सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्या लाल वर्तुळाकडं बघून एक पेढा हातात धरून काही वेळ घुटमळले.

ऑगस्टात प्रणोती नभोविद्यापीठात निलगिरीच्या डोंगरावर होती. तिचं नाव आता बऱ्याच ठिकाणी घेतलं जात होतं. नऊ तारखेला जगातल्या यच्चयावत दुर्बिणी त्या तुकड्याकडं वळल्या. ज्या मुलीनं काळोखात वजन ओळखलं, तिचा तारा येणार होता.

नऊ ऑगस्टला तो आला नाही. दहाला आला नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळे पुन्हा पडद्यापुढं जमले, आणि वर्तुळ रिकामंच होतं. वीस ऑगस्टपर्यंत लोकांनी तिच्याशी नजर टाळायला सुरुवात केली होती. पहिली आलेली मुलगी चुकली होती, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी डोईफोडे मॅडमचा फोन आला.

“मॅडम, मी गणित पुन्हा तपासलं,” प्रणोती म्हणाली. “चूक सापडत नाही. एकच गोष्ट कमी पडते. मी गोळा लहान धरला होता. तक्त्यातल्या त्या रकान्यातून त्याचा फक्त जवळचा काठ कळत होता. मी काठालाच अख्खा गोळा समजले.”

“मग आता किती मोठा आहे म्हणतेस?”

“आज तारा आला असता तर सांगता आलं असतं. आला नाही, म्हणजे आजच्यापेक्षा मोठा. उद्या आला नाही, तर उद्याच्यापेक्षा मोठा.” खिडकीबाहेर डोंगरावर अंधार उतरत होता आणि तिचा आवाज हलका झाला. “रोज तो वाढतोय, मॅडम. म्हणजे तो आहे तेवढाच आहे, पण आपल्याला रोज थोडा जास्त दिसायलाय. मी धरला होता त्याच्या दुप्पट तर आत्ताच झाला.”

“आपला हा सबंध पुंजका त्याच्यापुढं लहान ठरायला किती दिवस लागतील?” डोईफोडेंनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज परीक्षकाचा राहिला नव्हता.

प्रणोतीनं कागद पुढं ओढला, आकडेमोड केली आणि ती एकदा तपासली.

“दिवाळीपर्यंत तारा दिसला नाही,” ती म्हणाली, “तर आपण ज्याला पुंजका म्हणतो, तो त्या गोळ्याच्या कडेला अडकलेला नुसता उजेड आहे.”

डॉ. डोईफोडे म्हणाल्या, “मी उद्याच्या गाडीनं तिकडं येते. मला तुझ्या शेजारी बसून वाट बघायची आहे.”